अडीच तासांचं विमान

८ मार्च, सकाळी
नव्या वहीला नमस्कार नंतर. आधी गाऱ्हाणं. मुलगा म्हणतो, आई, पाच तासांचा प्रवास तुला एकटीला झेपायचा नाही. तिकिटावर स्वच्छ छापलंय : निघणार दहाला, पोचणार साडेबाराला. चौथी पास आहे मी. अडीच तास. मुलाच्या शाळेतल्या नकाशावरही मोजलं. लेकीचं शहर जेमतेम एक वीत. तो म्हणे साडेतीन हजार किलोमीटर. किलोमीटर त्याचे, वीत माझी.

लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. वीस तारीख दिलीय. जवळ फक्त जावई, ज्याला दूध उतू गेलेलं वास आल्यावर कळतं. मी बारा तारखेलाच जाऊन ठाण मांडणार.

९ मार्च
मुलगा म्हणतो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हटलं, मग दुरुस्त का करत नाहीत? सून तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.
ठराव : विमानात पाणी प्यायचं नाही. अडीच तास कोणीही थांबेल.

१० मार्च, दुपारी
लेकीने फोनवर समजावलं. तिथे सूर्यच उशिरा उगवतो म्हणे. मुलगा हेच सांगत होता, पण मास्तरासारखं तोंड करून. त्याचं कोण ऐकणार? लेक म्हणाली, "आई, तू आलीस की मला धीर येईल." रडली थोडी. मी नाही. सर्दी झालीय.
मनगटावरचं घड्याळ लगेच अडीच तास मागे केलं. सवय आतापासून हवी.

११ मार्च
मुलगा सोडायला रजा काढतो म्हणाला. चाकाची खुर्चीही सांगून ठेवतो म्हणे! मी काय लंगडी आहे? रिक्षावाला ओळखीचा आहे, जाईन म्हटलं. सून म्हणाली, "आई, सातला निघा हं." हो गं बाई, कळतात मला आकडे.
फोन आत्ताच बंद करून पिशवीत टाकला. विमानात बंदच ठेवतात.

१२ मार्च, सात वाजता
मुलगा पहिल्या पाळीला गेला, सून दवाखान्यात ड्युटीवर. फ्रिजवर चिठ्ठी : "भिंतीवरचं घड्याळ बघून निघा." भिंतीवरच्यात साडेनऊ! सेल संपला असणार. ऊन मात्र फार चढलंय. यंदा उन्हाळा लवकर लागला.
शेजारच्या पोराला धाडून ओळखीची रिक्षा बोलावली, आली. सगळं वेळेत.

१२ मार्च, विमानतळावर
काउंटरवरची पोरगी म्हणते, विमान गेलं. न सांगता? म्हणे, तुमचं नाव तीनदा पुकारलं. माझं मनगट धरून बघितलं तिने. "आजी, घड्याळ अडीच तास मागे आहे." म्हटलं, ते बरोबर आहे, तुमचं विमान पुढे आहे.
ती हसली नाही. पाणी आणून दिलं. प्यायले.
पुढची जागा सोळा तारखेला.

१२ मार्च, संध्याकाळी
जावयाचा फोन मुलाला आला. लेकीला सकाळीच कळा सुरू झाल्या. तीन वाजता नात झाली. दोघी बऱ्या आहेत. तीन त्यांचे की आपले, विचारलं नाही. त्यांचे असतील तर साडेबाराला उतरून मी पोचले असते. आपले असले तरी, निदान उतरले तरी असते.
मुलाने माझं घड्याळ अडीच तास पुढे करून दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.
मुलाचा फोन टेबलावर वाजतोय. लेकीचाच. आई कुठवर आली, विचारेल. मुलाने उचलू नये, तो सारवासारव करेल. सुनेने उचलावा. माझं घड्याळ चुकलं, असं सरळ सांगावं, आणि मग फोन माझ्याकडे द्यावा.