मुंगळे अजून आले नाहीत

आत्याबाई, मोसंबीच्या खोडांवर पुन्हा मातीचं अस्तर चढलंय. तुमचा मुलगा गावच्या सोसायटीतून वाळवी मारायची भुकटी घेऊन आलाय, उद्या सगळ्या झाडांना टाकतो म्हणतोय. मला घरात बसवत नाही, बागेतही थांबवत नाही. नवऱ्याशी भांडून झालं, आता मेलेल्या सासूशी भांडतेय.

तुम्ही होतात तेव्हाच्या त्या दुष्काळातही असंच होतं. टँकरच्या पाण्यात आधी धुणं, मग तेच पाणी झाडांना. वाळवी चढली तेव्हा सोसायटीने गावभर भुकटी वाटली आणि तुम्ही ती दारातूनच परत धाडलीत. ऊन कललं की तुम्ही काठी घेऊन बागेत. बांधाकडून काळ्या मुंगळ्यांची रांग निघते, तुम्ही खोडावरची माती खरवडता, आतली पांढरी वाळवी उघडी पडते आणि मुंगळे तिच्यावर तुटून पडतात. एकेक तोंडात धरून बिळाकडे पळतात. मी पदर सावरून लांब उभी.

"भेतीस कावून, पोरी? ह्ये उघड्यावर येत्यात, लुटत्यात, जात्यात. ही वाळवी लई वंगाळ. घर बांधून खाती."

तेवढ्यात एक मुंगळा तुमच्या पायाला डसला आणि तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. मला हसू आवरेना.

पण आत्याबाई, निम्मी झाडं गेलीच ना? ऊन वाढलं तशी रांग यायची बंद झाली, आणि तुम्ही रोज काठी टेकून उभ्या. "येतील गं, जात्यात कुटं," म्हणायचात. त्या मुंगळ्यांना आपल्या बागेचं काय पडलंय? वाळवी पोटासाठी येते, तेही पोटासाठीच येतात. मग भरवसा एकीवर नाही आणि दुसऱ्यावर का? हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतेय तर तुम्ही नाही, याचा मला राग येतो.

उरलेली झाडं तुमच्या हातची आहेत. भुकटीने मुंगळे मेले तर पुढच्या वर्षी कोण येणार, आणि नाही टाकली तर पुढच्या वर्षी झाडं तरी असतील का?

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते. भुकटीची पिशवी मी धान्याच्या कणगीमागे लपवलीय. एक खोड खरवडून ठेवलंय. रांग यावी म्हणून बांधापासून झाडापर्यंत टँकरच्या पाण्यात गूळ कालवून शिंपडलाय. गुळाला लागतात ते मुंगळे वेगळे, यांना गोड नको, वाळवीच लागते, हे तुम्हीच सांगितलं होतं. तरी शिंपडला.