साडूच्या शेडातलं कोरडं तूस

३ नोव्हेंबर, सोमवार
पिल्लांचा दहावा दिवस. दोन्ही शेडांतली पिल्लं एकाच गाडीतून उतरली, दाणा एकाच दुकानाचा, पाणी एकाच बोअरचं. तरी माझ्याकडे खाली अंथरलेलं तूस ओलं, विष्ठा पातळ, आत गेलं की डोळे चुरचुरतात. दिनेशकडे मुठीत घेतलं तर बोटांतून सुटतं. घेऊन पाहिलं. दोनदा.

धाकटा साडू. तीन वर्षांपूर्वी पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालत होता. पिल्लू हातात कसं धरायचं ते मी शिकवलं त्याला. सासऱ्यांनी बीरगांवची जागा दोघा जावयांत वाटली, तेव्हा "मोठ्याला यातलं कळतं" असं चारचौघांत म्हणाले होते. आता पुरानी बस्तीत त्यांच्याकडे जेवायला बसलो की दिनेशच्या कोंबड्या, दिनेशचं शेड, दिनेशची गिऱ्हाइकं. त्याच्या कोंबड्यांची पोटं सुधारली आणि माझं दुखू लागलं. खरं ते लिहावं, इथं कोण वाचतं.

४ नोव्हें.
शोभा म्हणाली, "दिनेशभाऊजीले विचारून पाहा ना, दाण्यात काय घालून राहिले ते. विचाराले काय लागते?"
"पंधरा वर्षं झाली मी कोंबड्या करून राहिलो. तो मले शिकवीन?"
"मंग राहू द्या ओलंच."
बायको माझी, पण दिनेशची रेखा बहीण तिची.

दिनेश अँटिबायोटिक देतच नाही. दुपारी कारमधून दोन हॉटेलवाले आले, बिनऔषधाच्या कोंबड्या पाहायला. माझ्या शेडापुढून नाकाला रुमाल लावून गेले, पलीकडे जाऊन काढला. मी दाण्याचं पोतं शिवत बसलो होतो. नमस्कारसुद्धा केला नाही कोणी.

५ नोव्हें., पुन्नी
कार्तिक पौर्णिमेचा मेळा. फुलबाई कालच सांगून गेली, दोन दिवस नाही. दोन्ही शेडांचं झाडणं, भांडी धुणं तीच करते. दिनेशही रेखाला आणि पोरीला घेऊन महादेव घाटावर. आवारात मी एकटा.

गेलो दिनेशच्या दाण्याच्या खोलीत. कुलूप नव्हतं. माझ्यापासून काही लपवावं हे त्याच्या डोक्यातही आलेलं नाही, याचाही राग आला. लसणाची पेस्ट, ओवा, हळद, वाळवून कुटलेला कडुनिंबाचा पाला. पाण्यात घालायला सिरक्याचा (व्हिनेगरचा) कॅन. बस. म्हणजे शोभाच्या ओट्यावरचं सामान. मी समजत होतो, कुठली तरी परदेशी पावडर असेल.

घरी येताना बाजारातून सगळं आणलं. शोभाला कारण सांगितलं नाही. एवढा लसूण पाहून तिला कळायचं ते कळलं, समोर बसून सोलू लागली.

६ नोव्हें.
दाण्यात मिश्रण, टाकीत सिरका. प्रमाण अंदाजानं, वासावरून. दुपारपर्यंत चार वेळा तूस पाहून आलो. एका दिवसात कुठे फरक पडतो, हे काय मला ठाऊक नाही? तरी गेलो.
उद्या गंबोरो रोगाची लस, पाण्यातून. टाकीत ब्लीचिंग टाकायचं नाही, लक्षात आहे. लसीच्या पाण्यात घालायची दूध पावडर काढून ठेवली.

७ नोव्हें., शुक्र.
लस दिली. सकाळी दोन तास पिल्लांचं पाणी तोडलं, मग टाकीतल्या पाण्यात लस कालवून लावली. तहानलेली होती, बघता बघता भांडी रिकामी. फुलबाई आली, एक भांडं धुवायला उचललं, नाकाशी नेलं.
"भैया, एमा त सिरका हे."
"हव. मंग?"
"दिनेश भैया त मेला के पहिलीच बंद कर दिस. टीका हे, सादा पानी देबो, कहत रहिस."

लसीसाठी दिनेशनं सिरका मेळ्याआधीच थांबवला होता. लस जिवंत असते, आंबटात मरते. लसीच्या दोन दिवस आधीपासून पाण्यात काही नको, हे दिनेशला मीच शिकवलं होतं. ब्लीचिंग मी विसरलो नाही. सिरका औषधात धरलाच नाही. स्वयंपाकघरातली वस्तू, तिचं काय एवढं...
फुलबाईवर उगाच खेकसलो.

८ नोव्हें., शनि.
पिल्लं चांगली दिसतात. आता दिसणारच. गंबोरो आला तर चार दिवसांत शेड अर्धं होतं, मी एकदा पाहिलंय.

दिनेशच्या पिल्लांना लस लागली, माझ्या पिल्लांना नाही. डोळ्यांपुढे येत राहतं की मी मेलेल्या कोंबड्या टोपल्यात भरून नेतोय आणि पलीकडे त्याच्या कोंबड्या विक्रीच्या गाडीत चढताहेत. मग मनात आलं, आला तर दोन्हीकडे यावा. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

दुसरी लस लगेच द्यायला हवी. दुकानात संपली, पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. दिनेश फ्रिजमध्ये लसीची एक शिशी जास्तीची ठेवतो. ती सवयही माझीच. मी सोडली, तो पाळतो.

शोभाला सगळं सांगितलं. म्हणाली, "जीव त्या पिल्लाईचा चालला, अन् तुम्ही आपली इज्जत धरून बसले."

९ नोव्हें., रवि.
दिनेशकडे गेलो. सांगितलं. त्याच्या खोलीत शिरलो होतो तेही सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं.
शिशी बर्फाच्या डब्यात घालून हातात दिली. म्हणाला, "साडभाऊ, पहिल्या बॅचले मी बी असाच सिरका देऊन बसलो होतो. तुम्हाले सांगाची हिंमत झाली नाही. तुम्ही कच्चं खाल्लं असतं मले."
खाल्लं असतं. खरं आहे.

मग म्हणाला, "एक ऐकता का? ही बॅच दोन्ही शेडाईचं दाणापाणी मले पाहू द्या. तुमचा लसूण लय झाला, पोटं आणखी बिघडतीन. उद्या लस द्याले येतो, तवा सांगा."

सिरका शुक्रवारीच बंद केला होता, तरी टाकी तीनदा धुतली. साधं पाणी लावलं. तो हे सासऱ्यांना सांगणार नाही, रेखालाही नाही, मला खात्री आहे. त्याच्या जागी मी असतो तर जेवायच्या पानावर सांगितलं असतं. कोरड्या तुसापेक्षा मला या गोष्टीचा जास्त हेवा वाटतो.

शोभानं दोनदा विचारलं, "काय सांगनार त्याईले, दाणापाण्याचं?"
सकाळी सांगीन म्हटलं. तो सहाला येतो.