बंद बाटली, उघडा लोटा

१७ जानेवारी १९५६, मंगळवार
संचारबंदी. लालबागच्या नाक्यावर पोलीस. दुधाची गाडी काल आली नाही, आजही नाही. बाळंतपणाला आलेल्या माझ्या लेकीला, मालनला, ताप एकशे तीन. डॉक्टरांनी बजावलंय — विषमज्वर आहे, बाळाला अंगावर पाजू नका. दीड महिन्याचं लेकरू, त्याला काय सांगणार? घरात परवाची अर्धी बाटली.

दुपारी लेख काढून बसले. शेजारच्या देशांत दूध कसं मिळतं, साप्ताहिकाला सोमवारी हवाय. सिलोनचं वाचनालयातून उतरवून आणलं होतं : ताजं दूध कमी, डब्यातली पावडर फार. कराचीचं चिंतामणीदादाच्या पत्रात आहे. फाळणी झाली तरी बंदरातली नोकरी सोडून तो काही आला नाही. लिहितो, "गवळी म्हैस दारात आणतो. लोटा मी धरतो, धार तो काढतो. पाणी घालायला त्याचा हात मोकळाच नसतो."

मी लिहिलं : तिकडे उघडा लोटा, इकडे यंत्रात भरलेली बंद बाटली. वाक्य बरं जमलं.

१८ जानेवारी
दूध संपलं. बाळ पहाटेपासून रडतंय. साखरपाणी दिलं, थुंकून टाकलं.

शेजारच्या कौसल्याबाई दारात उभ्या. "मागे कुशाबाचा गोठा असता, तर..." पुढचं गिळलं. मला कळायचं ते कळलं. नोव्हेंबरात मीच लिहिलं होतं : चाळीमागचा गोठा, माश्या, शेण, उघड्या चरव्या. महिन्याभरात नोटीस आली आणि कुशाबाच्या अकरा म्हशी मुंबईबाहेर गेल्या.

लेख चुकीचा नव्हता. पण हे रडणं ऐकवत नाही.

१९ जानेवारी
दूध मिळालं! रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही, म्हणून कौसल्याबाई आमच्या रिकाम्या बाटल्या घेऊन गेल्या. तासाभरात हजर. "दूधकेंद्र जरा वेळ उघडलं होतं, ताई." टोपण चुरगळलेलं, गर्दीत झालं असेल. तापवलं तर साय ही जाड! सरकारी दूध सुधारलं म्हणायचं. पाणी घालून पाजलं. बाळ पोटभर प्यालं, झोपलं.

२० जानेवारी
आजही बाटली. मी स्वतः जाते म्हटलं, तर कौसल्याबाईंनी जिन्यात वाट अडवली. "लेकीजवळ बसा तुम्ही. नाक्यावर लाठ्या चालल्यात." पाच दिवस झाले, खोली आणि गॅलरी, गॅलरी आणि खोली.

लेखाच्या शेवटी घातलं : संचारबंदीतही बंद बाटली घरी पोचली, व्यवस्था म्हणतात ती हीच.

२२ जानेवारी, रविवार
सकाळी दोन तास मोकळीक. केंद्रावर गेले. तिथल्या शांताबाई म्हणाल्या, "आज पहिली गाडी आली. सोमवारपासून कुलूपच होतं हो."

तडक कौसल्याबाईंकडे. त्यांनी फळीवरचा डबा काढून पुढ्यात ठेवला. आत गणपतीच्या आराशीसाठी धुऊन ठेवलेली दुधाच्या बाटल्यांची चंदेरी टोपणं.

"कुशाबाची एक म्हैस राहिलीय. मागच्या कोळशाच्या वखारीत. अख्ख्या चाळीला ठाऊक आहे."

"मलाच नाही?"

"तुम्ही लिहिता, ताई." मग हळूच, "आणि बाटलीत घालून आणलं नसतं, तर घेतलं असतंत?"

डबा मिटून परत दिला आणि घरी आले.

दुपारभर लेख पुढ्यात. खरं लिहिलं तर तीही म्हैस जाईल. बाटली घरी पोचल्याचं शेवटचं वाक्य ठेवलं तर मी खोटी. वीस वर्षांत लेख द्यायची वेळ कधी चुकवली नाही. आज लेखणी हलत नाही.

२३ जानेवारी
वाक्य खोडलं. साप्ताहिकाचा माणूस लेख घेऊन गेला.

गाडी परत बंद. लोटा घासला आणि वखारीत गेले. कुशाबानं मान वर केली. "बाई, लिवायला आलाव का न्यायला?"

लोटा मी धरला. धार त्यानं काढली.