दृश्याची घरपट्टी

ईस्ट टॅनर, व्हरमाँट
रविवार, ४ जून १९८९

चि. ऑर्मंडला अ. आ., आणि दोन महिने पत्र न पाठवल्याबद्दल पाठीत एक धपाटा.

इकडे सर्व ठीक. काळ्या माश्या अजून चावताहेत, परसातला रूबार्ब गुडघ्याएवढा झालाय, आणि चर्चच्या जेवणात बीन्स कच्चे राहिले म्हणून दोन बायकांचं बोलणं बंद आहे. पोलिनचे गुडघे कसे आहेत ते कळव.

आता खरी बातमी. गावाने यंदा सगळ्या घरांची नव्याने आकारणी केली. माझी घरपट्टी जवळजवळ दीडपट होणार. नोटिशीवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून पोस्टातल्या मिल्ड्रेडकडून वाचून घेतली. जमिनीचे इतके, घराचे इतके, कोठाराचे इतके, आणि खाली वेगळी ओळ: दृश्य! मी तिला दोनदा वाचायला लावलं. मागच्या ओसरीतून जे दृश्य दिसतं त्याची म्हणे किंमत धरली आहे, आणि ती कोठारापेक्षा जास्त. कोठार बांधताना तुझ्या रॉयलभावोजींची पाठ मोडली. दृश्य कोणी बांधलं ते मला कोणी सांगेल का?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मागे पाइनची झाडं आहेत. ती काही दृश्य म्हणून कोणी पाहत नाही.

आकारणी करणाऱ्या तिघांत तुझी एव्हिस कोल्बी आहे. मार्चच्या गावसभेत मीच हात वर करून तिला निवडून दिलं. तीच ती, जिला तू नाचाला घेऊन गेलास आणि जी दुसऱ्याच्या गाडीतून घरी परतली. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तर हरकत घ्यावी की मुकाट्याने पैसे भरावे? भरले तर हिवाळ्याचं लाकूड घ्यायला हात आखडेल, आणि इथला हिवाळा तू विसरला नसशील. फोन करू नकोस, लांबच्या फोनचे दर ऐकून मला जेवण जात नाही. पत्र लिही, पण मोठ्या अक्षरात.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तरी अधूनमधून कागदावर उतरवत जा.

तुझी ताई,
लिओना

टोलेडो
११ जून १९८९

ती. लिओनाताईस सा. न. धपाटा पोचला, पाठ अजून शेकतेय.

तुझं पत्र मी पोलिनला मोठ्याने वाचून दाखवलं. दृश्यावर कर म्हटल्यावर ती घाबरली, कारण आमच्या बेडरूमची खिडकी बेकरीच्या मागच्या अंगाला उघडते. उद्या पावाच्या वासाचे पैसे मागतील म्हणाली. मला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. न्हाव्याकडे विषय काढला तर खुर्चीत बसलेला अनोळखी माणूस साबण लावलेल्या तोंडाने म्हणाला की त्याच्या मेहुण्याच्या तळ्याकाठच्या घरालाही असंच लावलंय. म्हणजे एव्हिसच्या डोक्यातून निघालेलं नाही हे. पण मोजतात कसं? मोठ्या डोंगराचे जास्त आणि टेकडीचे कमी? गाई मध्ये आल्या तर सूट? तिला विचारून कळवच.

आणि ताई, दृश्य कुठलं पण? त्या ओसरीत बसून मी तुझे मटार सोललेत. पाइन इतके जवळ होते की आभाळ बघायला मान मोडावी लागायची. आहेत ना ते अजून? याचं उत्तर आधी दे, बाकी मग.

हरकत नक्की घे. मुदतीच्या आत लेखी दे, आणि आजूबाजूच्या घरांची काय आकारणी झाली ते गावकचेरीत बघून ठेव. ते कोणालाही बघता येतं.

जाता जाता विचारतो, पत्र कशावर बसून लिहिलंस, ट्रॅक्टरवर? ओळी एकमेकींवर चढल्यात. एका ठिकाणी एव्हिस रूबार्बवर बसली आहे.

पोलिनचे नमस्कार. तुझ्या रागासकट लोभ असू दे.

तुझा,
ऑर्मंड

ईस्ट टॅनर
२५ जून १९८९

चि. ऑर्मंडला अ. आ.

पेन वाईट आहे, दुसरं काही नाही. नवं आणेन.

मिल्ड्रेडच्या गाडीतून सुनावणीला गेले. गावकचेरीत तिघं लांब टेबलामागे बसले होते आणि भिंतीलगतच्या बाकांवर निम्मा गाव, कारण यंदा प्रत्येकाचंच काही ना काही आहे. माझी पाळी आल्यावर मी सरळ सांगितलं की माझ्या घरामागे झाडं आहेत आणि झाडांचे पैसे मी देणार नाही. तुझा गाईंचा प्रश्नही विचारला. एव्हिसने गंभीरपणे उत्तर दिलं की जवळचं, लांबचं, अरुंद, रुंद असे प्रकार ठरलेले आहेत आणि गाई कशातच धरत नाहीत. मग म्हणाली की ती स्वतः येऊन बघून गेली आहे, मी तेव्हा घरी नव्हते, आणि मी फक्त माझं मागचं दार उघडून बघावं. मी म्हटलं, ते दार मी तुझ्या आधीपासून उघडतेय. त्यावर ती म्हणाली, मग आता डोळेही उघड. लोक हसले, ऑर्मंड. मी चाळीस वर्षं ज्यांच्या पोरांना शाळेत जेवण वाढलं तेही हसले.

घरी आल्यावर ओसरीत जाऊन उभी राहिले. बराच वेळ. असो.

निकाल लागला, बदल नाही. आता गावच्याच वरच्या मंडळाकडे अपील करता येतं, पण त्यांची तीन माणसं घराची आतून-बाहेरून पाहणी करायला येतात. येऊ दिलं नाही तर अपील आपोआप रद्द. मी विचार केला, जाऊ दे. तीन जोड बूट माझ्या स्वयंपाकघरात नकोत. लाकूड जरा कमी जाळीन. शिवाय हल्ली दुपारी स्वयंपाकघरात ऊन येतं, पूर्वी कधी येत नसे. हवामान बदलतंय बहुतेक.

पोलिनला कोबीची पानं गरम करून गुडघ्याला बांधायला सांग. माया आहेच.

लिओना

टोलेडो
२ जुलै १९८९

ती. ताईस सा. न. वि. वि., आणि विनंतीला आज थोडी धमकीची धार आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ज्या बाईने पोरांच्या दुधासाठी अख्खी शाळा समिती तासभर उभी करून झापली, ती तीन जोड बुटांना घाबरते? काय लपवलंयस घरात? कोणी पुरुष ठेवला असशील तर मला आनंदच आहे, त्याला निम्मी घरपट्टी भरायला लाव.

चेष्टा पुरे. पाइन आहेत की नाहीत हे मी विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. ओसरीत उभी राहिलीस म्हणतेस, मग काय दिसलं ते एका शब्दाने लिहीत नाहीस. एरवी तू कोंबडीच्या पिसांचं वर्णनसुद्धा पानभर करतेस. दरांची पर्वा न करता मी फोन केला तर चुलीवर काहीतरी आहे म्हणून ठेवून दिलास. पोलिन म्हणते, काहीतरी बिनसलंय. मी म्हणत नाही, पण मला झोप लागत नाही.

तेव्हा ऐक. अपील कर आणि त्या तिघांना घरात येऊ दे. नाहीतर मी बसने निघतो आणि स्वतः पाहणी करतो. गावचे तिघं की मी एकटा, तूच ठरव. मी कपाटं जास्त उघडतो हे लक्षात ठेव.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
ऑर्मंड

ईस्ट टॅनर
रविवार, ३० जुलै १९८९

चि. ऑर्मंडला अ. आ. अक्षर बघून दचकू नकोस. सांगतेय मी, लिहितेय एव्हिस कोल्बी.

(नमस्कार ऑर्मंड. ती सांगेल तसंच लिहायचं कबूल केलंय, पण कंसांवर माझा हक्क. त्या नाचाच्या रात्री तूच गाडीची किल्ली हरवली होतीस. – ए.)

तिला दुर्लक्षून पुढे वाच. तुझ्यापेक्षा गावचे तिघं बरे, असं ठरवून मी अपील केलं. गुरुवारी ते आले. टाउन क्लार्क ड्वाइट फार्नहॅम, दुधाच्या गाडीवरचा हायरम, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी सौ. टटल. आकारणीच्या बाजूने एव्हिस आली होती, मोजायची फीत घेऊन. मी आदल्या दिवशी घर असं लावलं होतं की एक खुर्ची इकडची तिकडे नाही. रूबार्ब घालून गोड पाई भाजली होती. खोल्या दाखवल्या, जिना दाखवला, सगळं सुरळीत झालं. मला वाटलं, निभावलं.

मग ओसरीत गेलो. ड्वाइटने वही काढली आणि विचारलं की माझी हरकत नेमकी कशावर आहे. मी समोर बोट दाखवलं आणि म्हटलं की ही पाइनची झाडं, हेच माझं दृश्य, आणि याची किंमत कोठारापेक्षा जास्त लावायला लाज कशी वाटली नाही.

हायरमच्या बुटाखाली फळी करकरली. मग एव्हिसने माझा दंड धरला आणि हळूच सांगितलं की पाइन गेल्या ऑक्टोबरातच तोडले. पलीकडची जमीन बॉस्टनच्या माणसांनी घेतली, त्यांनी सगळी ओळ साफ केली. मी बोट दाखवत होते तो डोंगर होता.

ऑर्मंड, करवतीचे आवाज मी ऐकले होते, पण ओढ्यापलीकडे काम चाललंय असं समजले. समोर काळपट-हिरवं काहीतरी दिसतं, ते झाडंच धरून चालले होते. डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेने दिसतं, कप दिसतो, त्याचा कान दिसत नाही. बर्लिंग्टनच्या डॉक्टरने गेल्या वर्षीच सांगितलं की मधलं परत येणार नाही, पण कडा बहुतेक राहतील. तुला कळवलं नाही, कारण तू येऊन मला टोलेडोला नेशील आणि पोलिनच्या शिवणाच्या खोलीत ठेवशील. पोलिन चांगली आहे, ती खोलीही चांगली असेल. मला ती नको आहे.

तर आम्ही सगळे तसेच उभे. सौ. टटल रडायच्या बेतात होती, आणि मला रडणारी माणसं पायात घुटमळलेली आवडत नाहीत. शिवाय तुझ्यामुळे मलाही उत्सुकता लागली होती. मी म्हटलं, मग आहे तरी काय तिथे, ज्याचे पैसे मी भरायचे? ड्वाइटने घसा साफ केला आणि दरी, नदी, डोंगर असं वाण्याची यादी वाचावी तसं सांगितलं. मी म्हटलं, याला कोणी डॉलर देणार नाही, नीट सांगा. मग हायरम बोलला, जो एरवी हवामानाबद्दलही बोलत नाही. म्हणाला की डोंगर एक नाही, दोन आहेत, पुढचा गाईसारखा बसलेला आणि मागचा तिच्या खांद्यावरून डोकावणारा. ड्वाइट म्हणाला की एकच आहे, मध्ये खिंड आहे. सौ. टटल रडायचं विसरली आणि दोघांनाही चूक ठरवलं. एव्हिस म्हणाली निळा, हायरम म्हणाला दुपारी निळा, पण पहाटे गाडी घेऊन निघतो तेव्हा जांभळा. मी प्रत्येकाला थांबवून विचारत गेले. खाली घरं किती, धूर कुठून निघतो, नदी कुठे लपते. खुर्च्या आणल्या, पाई संपली, फीत कुठे ठेवली ते एव्हिसला आठवेना.

(माझ्याच खिशात होती. – ए.)

शेवटी ती काढून त्यांनी घर मोजलं. मागचा लाकडं साठवायचा सोपा एकमजली आहे, आणि कागदावर दोनमजली लागला होता.

(ती चूक माझी. छप्पर उंच आहे, मी बाहेरूनच लिहून गेले. – ए.)

काल निकाल आला. सोप्याचं कमी केलं, दृश्याचं तसंच ठेवलं. ते मला सांगायला ड्वाइट स्वतः आला होता, आणि मिल्ड्रेड म्हणते त्याचे कान लाल झाले होते. म्हणाला, कर घरातून काय दिसतं त्यावर असतो, मालकिणीला काय दिसतं त्यावर नाही. मी त्याला सांगितलं की बरोबर केलंस. दया म्हणून कमी केलं असतं तर मी पुन्हा अपील केलं असतं. घरपट्टी गेल्या वर्षीइतकी झाली नाही, पण लाकूड येईल.

पाहणीच्या दुसऱ्या दिवशी एव्हिस मटार घेऊन दारात उभी होती. सुनावणीत काय बोलली ते तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. सोलता सोलता मी तिला अट घातली. दृश्याचे पैसे मी भरणार असेन तर मला ते मिळालं पाहिजे. दर रविवारी चर्चनंतर येऊन तिने ओसरीत बसून सांगायचं, आणि मी सांगेन ती पत्रं लिहायची.

(गावच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही. मी येते. – ए.)

आता तू. बसने ये, जरूर ये, पोलिनलाही आण. पण पाहुणा म्हणून ये, मला न्यायला नको. डोंगर एक की दोन, यावर मला आणखी एक मत हवं आहे.

कमी दिसलं तरी लोभात काही कमी नाही, तुझाही तसाच राहू दे.

तुझी ताई,
लिओना

ता. क. – ऑर्मंड, हे मी माझं लिहितेय, आणि तिला वाचून दाखवूनच पाकीट बंद करणार आहे. ती चूल नीट सांभाळते, पायऱ्या मोजून उतरते, आणि मिल्ड्रेड रोज डोकावते. काळजी कर, पण घाई करू नकोस. आज ठरल्याप्रमाणे आम्ही ओसरीत बसलो, तर सकाळपासून दाट धुकं. मी खरं ते सांगितलं, की कुंपणाच्या पलीकडे काहीही दिसत नाही. ती म्हणाली, मग आजच्या दिवसाचे पैसे वजा कर. – एव्हिस