झाकणाचे थेंब

बोटीवर गेलास तो परत आलाच नाहीस, आणि तुझ्या बायकोला मागणी घालणाऱ्याला जेवू घालायचं मात्र माझ्या गळ्यात टाकलंस.

चि. तामोत्सु, आशीर्वाद.

तुझ्या निळ्या वेलीच्या वाडग्यात मी अजून रोज तुझा भात वाढते. झाकणाला आतून थेंब धरले की दूर गेलेला माणूस सुखरूप, असं आपल्यात मानतात. मित्सुए म्हणते, "सासूबाई, गरम भातावर थेंब धरणारच." मला का कळत नाही? म्हणून तर गरमच वाढते.

काल कुरोकी आला, अरिता गावच्या चिनी मातीच्या भट्टीत भांड्यांवर फुलं रंगवणारा विधुर. पाहुण्यांचे लाल-सोनेरी वाडगे फडताळातच ठेवून मी मुद्दाम तुझा त्याच्यापुढे मांडला. कोणाच्या जागेवर बसतोय ते कळू दे त्याला. मित्सुएचा चेहरा उतरला. त्याने झाकण उचललं, झिजलेली कड पाहिली आणि झाकण परत ठेवलं.

"आजी, हा कोणाचा तरी रोजचा आहे. मला साधी बशी चालेल."

नावं ठेवायला जागाच ठेवली नाही त्या बाबाने.

मेलेल्याचा वाडगा दारात फोडतात, म्हणजे तो घराकडे फिरत नाही. आज मित्सुएने पहिल्यांदाच विचारलं, "फोडायचा का?" मी तो मांडीवर घेऊन बसले आहे. पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून यातच ठेवून झाकण लावते.

उद्याचा भात शिजायच्या आत उत्तर दे. तूच द्यायचं. तिला विचारू नकोस, तिने पुष्कळ वाट पाहिली.

तुझी आई