लाल धाग्याचा टोमॅटो

लोन्झो,

आईला पुरून आलो त्या दुपारी तू म्हणालास, "पोटात कावळे ओरडतायत, काहीतरी दे गं." मी खिडकीतला टोमॅटो पावात घालायला घेतला. त्याच्या देठाला लाल धागा होता. धाग्याच्या टोमॅटोला आपल्या घरात कुणी हात लावत नसे, पुढच्या वर्षाचं बी आई त्यातूनच धरायची. पण घरात दुसरा नव्हता, आणि तू ओहायोहून उपाशी गाडी हाकत आला होतास. धागा सोडून मी चुलीत टाकला. तू बिया-रसासकट सगळा खाल्लास, वर बोटंही चाटलीस.

बियांची एखादी जुनी पुडीही सापडली नाही. मग अकरा वर्षं दर वसंतात मी शेजारच्या हॅस्केलचं बी आईचं म्हणून तुला पाठवत राहिले. दर ऑगस्टमध्ये तुझा फोन यायचा, "अगं, अगदी आईचीच चव!" तो ठेवला की मला खिडकीकडे बघवायचं नाही. अजून मी तिच्याकडे पाठ करूनच भांडी घासते.

काल तुला पुरल्यावर तुझ्या बायकोनं तुझी पेटी माझ्या हातात दिली. माझी बियांची अकराही पाकिटं त्यात होती. पहिलं तेवढं फोडलेलं, त्यावर तुझं अक्षर: "हा आईचा नाही. ऑर्फाला बोलायचं नाही, जिवाला लावून घेईल."

गधड्या, आता तू टेकडीवर आईच्या शेजारीच आहेस. तिनं विचारलंच, तर धागा कुणी सोडला ते सांगू नकोस.

तुझी,
ऑर्फा