काट्याने दाखवलेला आकडा

ता. ७ जानेवारी

चि. ठिणगी हिस आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हेडमास्तरांनी प्रयोगशाळेला नवा रंग दिला हे वाचून करमणूक झाली. भिंती रंगवून रसायनशास्त्र शिकवता आलं असतं तर शाळेने रंगारीच नेमले असते, आणि ते निदान वेळेवर तरी आले असते. त्या खोलीत मी चौतीस वर्षं काढली. रंग कधीच नव्हता, शिस्त होती. आता रंग आहे.

२७ तारखेला निरीक्षक तुझा पाठ बघणार आणि त्याच्या शेऱ्यावर तू नोकरीत कायम होणार की नाही ते ठरणार, तेव्हा नीट ऐक. विद्युतघटाचाच पाठ घे. दोन चंचुपात्रं. एकात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाचं पाणी आणि तांब्याची पट्टी, मध्ये क्षारसेतू म्हणून खाऱ्या द्रावणात भिजवलेली गाळण कागदाची पट्टी. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून तांब्याकडे जातात, काटा हलतो. जस्ताचं विभव उणे ०.७६, तांब्याचं अधिक ०.३४, फरक १.१० व्होल्ट. हे आधीच फळ्यावर लिहून ठेव. कपाटातला जुना मीटर कमी दाखवतो, माझ्या काळीही दाखवायचा. मुलांना सांग, दिसलं ते नको, पुस्तकात आहे ते लिहा. मी जन्मभर हेच सांगितलं आणि माझ्या एकाही मुलाचा त्या प्रयोगात गुण गेला नाही.

मीटरबद्दल तुझ्या बापाला विचारायला जाऊ नकोस. जन्म बॅटऱ्यांत गेला म्हणून त्याला विभव कळतं असं समजू नकोस. गाढवाला गुळाची चव काय.

फोनही करू नकोस. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो. लिहिताना निदान पेनाचं टोपण काढेपर्यंत तरी विचार करतो. लोभ ठेव, पण त्याच्या आधी अभ्यास कर.

तुझी आत्या


ता. १२ जानेवारी

ति. स्व. आत्या हीस ठिणगीचा सा. न. वि. वि.

रंगाऱ्यांबद्दल तुझं मत चुकलं. आमचा तीन दिवस उशिरा आला आणि जाताना कपाटाची किल्ली खिशात घेऊन गेला. ती परत मिळाल्यावर तुझा मीटर काढला. लाकडी पेटीतला, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. पेटीच्या आत तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे की मुलांनी हात लावू नये.

तू सांगितलंस तसा घट मांडला. काटा ०.८१ वर थांबला. पट्ट्या घासल्या, द्रावणं बदलली, तारा आवळल्या, तरी तेच. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं की वहीत फळ्यावरचं लिहायचं की काट्यावरचं. उद्या सांगते म्हटलं. आपल्याला येत नसलं की शिक्षक असंच म्हणतात, हे मुलांना ठाऊक असतं.

तू नको म्हणालीस म्हणूनच बाबांना विचारलं. दुकानात ते एका बॅटरीत पाणी भरत होते. किती दाखवतो म्हणाले. ०.८१ म्हटल्यावर त्यांनी नरसाळं खाली ठेवलं आणि म्हणाले की मला ०.७८ आलं होतं. मग पुन्हा नरसाळं उचललं. आईला विचारलं तर ती म्हणाली, आत्यालाच विचार. आत्या, माणसाला शाळेतला आकडा दशांश चिन्हासकट आठवतो म्हणजे काहीतरी घडलेलं असणार. तुम्ही दोघं लग्नकार्यात समोर आलात तर बरं आहे ना यापलीकडे बोलत नाही, ते कशामुळे, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तू सांग.

तुझा लोभ अभ्यासाच्या खालोखाल का होईना, असू दे.

तुझी ठिणगी


ता. १६ जानेवारी

चि. ठिणगी हिस अ. उ. आ.

विचारलंस म्हणून सांगते, लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मी चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली, आणि माझाच धाकटा भाऊ माझ्या वर्गात. लोक टपलेले असत की बाई भावाला झुकतं माप देतात का. घटाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाने १.१० लिहिलं. या शहाण्याने ०.७८ लिहिलं. मी त्याला उभं करून सगळ्यांदेखत म्हटलं की प्रयोग न करताच मनाचा आकडा ठोकून दिलास. तो म्हणाला की काट्याने हेच दाखवलं. मी तांबड्या शाईने रेघ मारली आणि पान पुन्हा लिहून आणायला सांगितलं. त्याने आणलं नाही. एक ओळ, ठिणगी, एक ओळ लिहायची होती. नाही लिहिली. मग मी वहीवर सही केली नाही, आणि सही नाही म्हणून त्याला प्रात्यक्षिकाला बसता आलं नाही. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बस म्हणून आईने हातापाया पडून सांगितलं, तर हा बॅटरीच्या दुकानात कामाला लागला. नाचता येईना, अंगण वाकडं.

वही माझ्याकडे आहे. कधीतरी अक्कल येईल आणि मागायला येईल म्हणून ठेवली होती. बेचाळीस वर्षं झाली, अजून आलेली नाही. ना तो, ना अक्कल.

मुलीला सांग, फळ्यावरचं लिही. आणि निरीक्षकासमोर असले प्रश्न विचारायचे नाहीत हेही सांग.

आत्या


ता. २० जानेवारी

ति. स्व. आत्या हीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. अंगण वाकडंच होतं, एवढंच ते म्हणाले. नंतर दुकान बंद करून माझ्याबरोबर शाळेत आले आणि मला समजावून सांगितलं.

ते म्हणाले की काटा फुकट हलत नाही. तो हलायला मीटर घटातून थोडा प्रवाह ओढतो, आणि तेवढ्या प्रवाहाला त्या भिजक्या कागदातून वाट काढावी लागते. कागद अरुंद, अडथळा मोठा. घटाचा थोडा जोर तिथेच खर्च होतो आणि उरलेला मीटरला दिसतो. दुकानात हे त्यांना रोज दिसतं. नुसती मोजली तर बॅटरी ठणठणीत, दिवा जोडला की आकडा घसरला. शिकलेल्यांना वाटतं मोजणारा काही घेत नाही, असंही म्हणाले. त्यांच्या तोंडात शिकलेले हा शब्द बरा लागत नाही, तुलाही लागणार नाही.

मग आम्ही करून पाहिलं. कागदाची एक पट्टी, ०.८१. शेजारी दुसरी पट्टी टाकली, म्हणजे वाट रुंद केली, ०.९३. शेवटी त्यांच्या दुकानातला नवा मीटर लावला, जो घटातून जवळजवळ काहीच ओढत नाही. १.०९. आत्या, पुस्तक खरं आहे आणि काटाही खरा आहे. बाबांची पट्टी थोडी अरुंद कापलेली असणार, एवढाच काय तो गुन्हा.

आता राग येईल असं लिहिते. एकट्या इलेक्ट्रोडचं विभव मोजता येत नाही, समोर दुसरा लागतो, म्हणून सगळ्यांनी मिळून हायड्रोजनला शून्य मानलं, हे तूच मला शिकवलंस. आपल्या घरात तू स्वतःला शून्य मानलंस आणि आम्हा सगळ्यांना तुझ्यावरून मोजलंस. बाबा कायम उणे आले. हायड्रोजनचं निदान सगळ्यांना विचारून ठरवलं होतं.

२७ ला मी तिन्ही आकडे काढून दाखवणार आणि मुलं दिसेल ते लिहिणार. तुला यावंसं वाटलं तर ये. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस, तो मला लागतो.

ठिणगी


ता. २२ जानेवारी

चि. ठिणगी,

उत्तर देण्याच्या लायकीचं तुझ्या पत्रात काही नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. २७ ला सकाळच्या बसने येते आणि मागच्या बाकावर बसते. तू कशी आपटतेस ते बघायला कुणीतरी घरचं असावं. तुझ्या बापाला कळवू नकोस.

आत्या


ता. २९ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे अ. आ.

अक्षर ओळखलं असशील. पत्र फाडायचं असेल तर आधी वाच, सोबत वही आहे.

तुझ्या मुलीचा पाठ मी पाहिला. बाकं तीच आहेत, फक्त माझ्या गुडघ्यांना ती आता पुरत नाहीत. ती घाबरली होती, खडू दोनदा पडला. पण तिने एक पट्टी, दोन पट्ट्या आणि तुझा मीटर असं सगळं क्रमाने केलं, आणि प्रत्येक वेळी मुलांनाच विचारलं की आकडा का बदलला. अडतीस मुलं काट्यावर वाकून बघत होती. माझ्या वर्गात मुलं काट्याकडे कधी बघत नसत. फळ्याकडे बघत.

निरीक्षक म्हणजे टाय लावलेला एक ठोकळा. अर्धा वेळ घड्याळाकडे बघत होता. शेवटी त्याने पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं की परीक्षेत काय लिहिशील. ती म्हणाली, काटा दाखवेल ते, आणि तेवढंच का दाखवलं ते. त्यावर तो हसला आणि तिला म्हणाला की बाळ, दिसलं ते नको, पुस्तकात आहे ते लिही.

शब्द न् शब्द, धाकट्या. पुस्तकात या शब्दावर तसाच जोर देऊन. मला वाटलं, हा मठ्ठ खात्याने कुठून पैदा केला. मग त्याने पुसायला चष्मा काढला आणि मी ओळखलं. माझाच विद्यार्थी. तिसऱ्या बाकावर बसायचा, सुंदर अक्षर, एकही प्रश्न कधी विचारला नाही. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. माझ्या शिकवण्यातलं एकच वाक्य त्याने जपलं होतं, आणि ते हे.

मी उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं की हे वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे. तो अदबीने म्हणाला की बाई, तुम्हीच तर शिकवलंत. मी म्हटलं हो, आणि याच खोलीत एकाने बरोबर लिहिलं होतं, त्याला मी घरी बसवलं. ठोकळ्याने मान डोलावली आणि शेरा लिहिला की अध्यापन पाठ्यपुस्तकाला धरून नाही. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा मीच पालथा घातलेला. त्याच्या कार्यालयाला मी काल सहीनिशी लिहून पाठवलं आहे की ही चूक त्याला माझ्याकडून मिळाली. तिथले लोक ते वाचतील इतकी अपेक्षा मला त्यांच्याकडून नाही.

बसमध्ये सारखं एकच मनात येत होतं. मीटर कमी दाखवतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. का दाखवतो, हे चौतीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एका बॅटरीवाल्याने. तू मनाचा आकडा ठोकलास असं मी म्हणाले. मनाचा आकडा बाकीच्या सगळ्या वर्गाने लिहिला होता, आणि तो मी लिहायला लावला होता. तू तेवढा खरं बोललास. लोक काय म्हणतील या भीतीने मी तुला उभं केलं, आणि नंतर आपलं चुकलं असेल या भीतीने तुला नावं ठेवत राहिले. माझं चुकलं, धाकट्या. मला फार वाईट वाटतं.

वहीचं तेरावं पान बघ. तांबडी रेघ खोडता येत नाही, म्हणून तिच्याखाली तांबड्याच शाईने ०.७८ बरोबर असं लिहून सही केली आहे. तारीख परवाची घातली आहे, कारण मला कळलं ते परवा. अक्षर मात्र तुझं तेव्हाही कोंबडीचे पाय होतं, त्याबद्दल मी एक शब्द मागे घेत नाही.

फोन करू नकोस. मला बोलता येणार नाही.

ताई


ता. ८ फेब्रुवारी

ति. स्व. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

वही मिळाली. सही पाहिली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं जरा वेळाने या. तो चिडून दुसरीकडे गेला.

ठिणगीचा कागद काल आला. कायम केलेलं नाही, आणखी एक वर्ष बघणार आहेत. तुझं पत्र पोचल्याचा त्यात उल्लेख नाही. कालचा दिवस ती रडली. आज सकाळी उठून मुलांच्या वह्या तपासायला बसली. अडतीस वह्या आणि जवळजवळ अडतीस निराळे आकडे, कारण पाठानंतर प्रत्येकाने स्वतः घट मांडला आणि आपली पट्टी आपल्या हाताने कापली होती. तिने सगळ्यांवर सही केली.

माझ्या वहीत चौदावं पान कोरं आहे. वर फक्त घटाच्या पुढच्या प्रयोगाचं नाव लिहिलंय, अक्षर बघशीलच. तो प्रयोग राहून गेला. रविवारी ये. घट मी मांडतो, कागदाच्या पट्ट्या मी कापतो. काटा तू वाच, मी लिहून घेतो. पण जे दिसेल तेच सांग.

लोभ होताच. मध्ये वाट अरुंद होती.

धाकटा